शनिवार पेठ आणि हडपसर इथली हवा

शनिवार पेठ, पुणे
६ फेब्रुवारी २०२४

श्री. भीमराव रामटेके,

हे पत्र तक्रारीचं आहे, म्हणून खुशाली शेवटी विचारीन.

माझ्या सुदर्शनची आणि तुमच्या उत्कर्षाची लेक पूर्वा सिंगापूरच्या शाळेत दुसरीत आहे, हे आपण दोघंही जाणतो. तिला शाळेत आजी-आजोबांच्या गावातले ऋतू असा निबंध आला. तिने मला विचारलं, मी सहाच्या सहा ऋतू महिन्यांसकट सांगितले. मग तिने तुम्हाला विचारलं. तुम्ही सांगितलंत की पुण्यात ऋतू नसतात, नुसती हवा असते. ऋतू बघायचे तर नागपूरला जायला हवं.

पोरीने दोन्ही उतरवून काढलं आणि शेवटी लिहिलं, 'माझी आजी आणि माझे आजोबा वेगवेगळ्या देशांत राहतात.' शनिवार पेठ आणि हडपसर! अंतर मला मान्य आहे, पण अजून पासपोर्ट लागत नाही.

दीड वर्ष तुम्ही पुण्याचं पाणी पिता आहात. निदान लहान मुलांना तरी खरं सांगावं. फोन करू नये. मला फोनवर नीट ऐकू येत नाही. मागे तुम्ही 'थंडी कशी आहे' विचारलंत आणि मी तुम्हाला भेंडीची भाजी सांगितली.

प्रकृती बरी असेलच.

वेणू ओगले


हडपसर
१२ फेब्रुवारी

विहीणबाईंना भीमरावचा जय भीम.

तुमचं पत्र पोचलं. छत्तीस वर्षं पोस्टात काढली, पण मला स्वतःला आलेलं शेवटचं पत्र बदलीचं होतं. तेव्हा तुमची तक्रारसुद्धा दोनदा वाचली.

पण बाप्पा, मी खोटं काय सांगितलं? तुम्हाला आमच्याकडचा उन्हाळा माहीत आहे. उत्कर्षाच्या लग्नाला मे महिन्यात तुमची सगळी मंडळी नागपूरला आली होती. पारा सेहेचाळीसवर होता. आमच्या पद्धतीने लग्न अर्ध्या तासात लागलं, तरी तुमचे दीर प्रत्येक फोटोत डोक्यावर ओला टॉवेल घेऊन उभे आहेत. तेव्हा तुम्ही मांडवात म्हणाला होतात, 'हे लग्न आहे की भट्टी?' मी मागेच उभा होतो. आठ वर्षं झाली, विसरलो नाही. त्यानंतर आपलं बोलणं सणावारापुरतं राहिलं, त्याचं कारण ते आहे. आज सांगून टाकलं.

इथे मी अभयकडे अकराव्या मजल्यावर राहतो. आमची ही गेल्यावर मुलांनी एकटं राहू दिलं नाही. खिडक्या बंद, आत एसी. बारा महिने चोवीस अंश. मग मला ऋतू दिसणार काहून?

एक सुचवतो. तुम्ही तुमच्या पेठेतलं लिहा, मी हडपसरचं लिहितो. जे डोळ्यांनी दिसेल तेच. वर्षाच्या शेवटी पूर्वाला सगळं पाठवू, तिचं तिला ठरवू दे.

आपला,
भीमराव


शनिवार पेठ
४ मार्च

व्याहीबुवा,

मी मांडवात जे म्हटलं ते ह्यांना म्हटलं होतं, तेव्हा हे होते. तुम्ही मागे उभे राहून ऐकलंत, त्याला मी काय करणार? तरी आठ वर्षं मनात ठेवलंत म्हणून लिहिते, चुकलं. जेवण उत्तम होतं. वडाभात अजून आठवतो.

तुमची सूचना मान्य. इथे सध्या शिशिर संपत आलाय. मी रोज सकाळी ओंकारेश्वराकडे उतरून नदीकाठाने चक्कर मारते. पिंपळाची पानं अशी गळतात की झाडणाऱ्या बाया झाडाकडे बघून शिव्या घालतात. पंधरा दिवसांत त्याच पिंपळाला तांबूस पालवी फुटेल आणि त्याच बाया मान वर करून बघत उभ्या राहतील. काटेसावर फुलली आहे. एकही पान नाही, नुसती लालभडक फुलं. बाजारात कैऱ्या आल्या आहेत, अजून कोवळ्या. मीठ लावून खाल्ली की एक डोळा आपोआप मिटतो.

हे सगळं नुसती हवा असेल तर असो.

तुम्ही अकराव्या मजल्यावरून खाली उतरावं. लिफ्ट असेल ना?

वेणू ओगले


हडपसर
९ एप्रिल

विहीणबाई, जय भीम.

तुमचा टोमणा लागला. दुसऱ्याच दिवशी खाली उतरलो. आमच्या गेटवर रंगनाथ म्हणून वॉचमन आहेत, लातूरकडचे. त्यांना विचारलं, इथे ऋतू कुठे बघायला मिळतात? ते म्हणाले, 'साहेब, पार्किंगच्या मागे जा.'

पार्किंगच्या मागे एक झाड आहे. दीड वर्ष मी त्याच्या बाजूने गाडीत बसून गेलो. आता त्याला पान नाही, वरपासून खालपर्यंत जांभळं-निळं फूल. नीलमोहर म्हणतात म्हणे. खाली उभ्या गाड्यांवर इतका सडा की अभयची पांढरी गाडी ओळखू येईना. अभय वैतागून पुसत होता. मी म्हटलं, राहू दे रे दोन दिवस. सूनबाई दीपाली म्हणाली, 'बाबा, तुम्हाला बरं वाटतंय ना?'

दुसरी गोष्ट. दुपारी चटके बसतात, पण संध्याकाळी सहा वाजता कुठूनशी वाऱ्याची झुळूक येते आणि दिवसभराचं सगळं माफ होतं. नागपूरचा उन्हाळा असं माफ करत नाही. हे वाक्य तुमच्यापुरतं ठेवावं.

भीमराव


शनिवार पेठ
३ मे

व्याहीबुवा,

वाक्य ठेवलं आहे. कुलूप लावून.

आता तुम्ही तयार झालात, म्हणून आमच्याकडचा खरा उन्हाळा सांगते. ओंकारेश्वराकडून नदीकडे उतरताना डाव्या हाताला बहावा आहे. सध्या झाड दिसतच नाही, नुसते पिवळे घोस लोंबतात, हलती झुंबरं. मी रोज सकाळी तिथे पाच मिनिटं थांबते. फुलं डोक्यावर पडतात, ती तशीच केसांत घेऊन घरी येते. तुम्ही एकदा येऊन बघाच. नुसतं वाचून कळायचं नाही.

घरी या म्हटलं असतं, पण सध्या रंगकाम चालू आहे. सगळा पसारा.

वेणू ओगले


हडपसर
११ मे

विहीणबाई, जय भीम.

काल बसने आलो होतो. बहावा पाहिला. फारच सुंदर. तुम्ही लिहिलंत तसाच पिवळा. घोसही होते. पक्षीही होते. मन भरून आलं.

तुमची प्रकृती कशी आहे? चालणं-फिरणं बरं आहे ना? सहज विचारलं.

भीमराव


शनिवार पेठ
१६ मे

श्री. रामटेके,

आमच्याकडे चंपा रोज भाजी आणून देते. तिला मी काल कौतुकाने सांगितलं की आमचे व्याही हडपसरहून खास बहावा बघायला आले होते. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, 'कुठला बहावा? तो तर गेल्या वर्षीच वादळात आडवा झाला.'

म्हणजे तुम्ही आलाच नव्हतात! नसेल यायचं तर तसं लिहायचं. मी काय तुम्हाला हजेरी मागत होते? 'पक्षीही होते' म्हणे! कुठल्या झाडावर बसले होते पक्षी? 'जे डोळ्यांनी दिसेल तेच' ही अट तुमचीच होती.

मांडवातल्या एका वाक्यासाठी आठ वर्षं रुसलेल्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती. माझ्यापुरता हा पत्रव्यवहार संपला.

वेणू ओगले


हडपसर
२१ मे

विहीणबाई,

तुमच्यापुरता संपला असेल. माझं एक उत्तर बाकी आहे.

मी आलो होतो. सकाळी आठची बस, उभ्याने. ओंकारेश्वराकडून खाली उतरलो, डावा हात धरला. बहावा दिसेना. उजवीकडेही बघितलं, म्हटलं शिक्षिका होत्या तरी बाईंची गल्लत झाली असेल. मग एका उसाच्या रसवाल्याला विचारलं. तो म्हणाला, 'काका, तुम्ही त्यावरच हात ठेवून उभे आहात.' कमरेएवढा बुंधा उरला आहे. त्यावर त्याने ग्लास पालथे घातले होते.

रस घेतला. तिथेच अर्धा तास बसलो. विचार करत होतो की ज्या बाई रोज सकाळी या झाडाखाली थांबतात, त्यांना वर्षभरात झाड पडलेलं दिसलं कसं नाही?

मग मी खोटं लिहिलं. तुम्हाला तोंडावर पकडणं मला बरं वाटेना. पण माझ्या नोकरीत खोटं लिहायचा सराव नव्हता, म्हणून ते पक्षी आले.

आता सरळ विचारतो, सरळ सांगा. विहीणबाई, तुम्ही शेवटचा जिना कधी उतरलात?

भीमराव


हडपसर
२४ जून

विहीणबाई, जय भीम.

महिना झाला, उत्तर नाही. परवा चौकशीला आलो तेव्हा चंपाबाई तुमच्या गल्लीच्या तोंडाशी भेटल्या, तुम्ही बऱ्या आहात म्हणाल्या. त्यापलीकडे तुमचं काहीच सांगितलं नाही, फार पक्क्या आहेत. उलट माझ्या गळ्यात दोन किलो पडवळ मारलं. आमच्याकडे कोणी खात नाही.

मी उत्कर्षाला काही कळवलेलं नाही. उत्तराची वाट बघतो.

भीमराव


शनिवार पेठ
८ जुलै

व्याहीबुवा,

गेल्या वर्षीच्या संक्रांतीला. हळदीकुंकवाला निघाले होते, दुसऱ्या मजल्यावर पाय घसरला. मोडलं काही नाही, पण आधीच दुखरा असलेला उजवा गुडघा कामातून गेला. डॉक्टर घरी येऊन म्हणाले, बदलून घ्या. मी म्हटलं, बघू. तेव्हापासून बघतेच आहे. तीन मजले, लिफ्ट नाही.

तुम्हाला लिहिलेलं खोटं नव्हतं, शिळं होतं. पिंपळ, काटेसावर, कैऱ्या, सगळं पाहिलेलं आहे, पन्नास वर्षं. कधी काय फुलतं ते मला पाठ आहे. फक्त बहावा मला न विचारता पडला. आता प्रत्यक्षात दिसतो तो समोरच्या घराच्या पत्र्यावर पडेल तेवढाच ऋतू. पावसात पत्रा वाजतो, तो मात्र ऐकू येतो. फोन नाही येत, पत्रा येतो.

सुदर्शनला सांगितलेलं नाही. सांगितलं की तो विमानाने येईल, घराला कुलूप लावील आणि मला सिंगापूरला नेईल. तो चांगला आहे हीच अडचण आहे. उत्कर्षाने एकदा सांगितलं होतं की तिथे वर्षभर एकच हवा असते, कायमची श्रावणातली दुपार. मी कुठल्या महिन्यात जगते आहे ते मला कॅलेंडर बघून कळणार असेल तर मला जायचं नाही. व्हिडिओवर तोंड दिसतं म्हणून बोलणं समजतं, पण तिथे मी खुर्चीत बसूनच बोलते, त्यांना वाटतं आई निवांत आहे. तुम्हीही सांगू नका. माझी विनंती आहे.

रंगकाम चालू नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

वेणू


हडपसर
१२ जुलै

विहीणबाई, जय भीम.

पत्र वाचून आधी वाईट वाटलं, मग राग आला, मग हसू आलं. तिन्ही खरी आहेत.

म्हणजे सिंगापुरात एकच ऋतू आहे म्हणून तुम्ही पुण्यात बसून शून्य ऋतू घेता आहात! हा हिशोब कुठल्या शाळेत शिकवत होता तुम्ही?

मी सांगणार नाही, शब्द देतो. तुम्हीच सांगायचं. रविवारी मुलांचा फोन येईल तेव्हा खुर्चीतून उठा आणि चालून दाखवा. बाकी ते बघतील. तुम्ही नाही सांगितलंत तर मी पूर्वाला लेखी कळवीन की आजीसुद्धा मान्य करते, पुण्यात उन्हाळा नसतो. आणि खाली तुमची सही करीन.

शस्त्रक्रियेनंतर राहायची सोय: आमच्याकडे. दीपालीने ठरवलं आहे, मी नुसता कळवतो. लिफ्ट आहे, माझी खोली बाथरूमला लागून आहे. ती तुमची. तुम्हाला संकोच वाटू नये म्हणून मी तेवढे दिवस नागपूरला बहिणीकडे जातो. यंदा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जायचंच होतं, ते झालं की परतेन.

भीमराव


शनिवार पेठ
६ ऑगस्ट

व्याहीबुवा,

सांगितलं. तीन पावलं चाललेच होते, तर सुदर्शन तिकडून ओरडला, 'आई, बस! बस खाली!' दीड वर्ष मी बसलेलीच आहे हे त्याला तेव्हा कळलं. रडला. मीही. उत्कर्षा मात्र शांतपणे म्हणाली, 'आई, तुम्हाला कुठेही न्यायचं नाही. गुडघा करून घ्या, मग कुठे जायचं ते तुम्ही ठरवा.' हे वाक्य तिने आधी म्हटलं असतं तर बहावा गेल्याचं मला वेळेवर कळलं असतं. पण तिला सांगितलं कोणी होतं?

ती येते आहे. सत्तावीस तारखेला शस्त्रक्रिया. भीती वाटते. हे वाक्य तुमच्यापुरतं ठेवावं.

जाऊबाई म्हणाल्या, 'व्याह्यांच्या घरी महिना-दीड महिना? लोक काय म्हणतील?' मी म्हटलं, मला ऐकू येत नाही.

वेणू


हडपसर, तुमची खोली
९ ऑक्टोबर

भीमराव, जय भीम.

उत्कर्षा परत गेली, मी रुळले. गुडघा नवा आहे आणि हट्टी आहे. व्यायाम शिकवायला येणारा मुलगा गोड बोलतो आणि पाय पिरगळतो. पहिला आठवडा मी त्याला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. आता काठी घेऊन लिफ्टपर्यंत जाते.

दीपाली तुम्हा सगळ्यांपेक्षा हुशार आहे. तिने सांबारवडी करते म्हटलं, मी इडलीबरोबरचं सांबार समजून वाटी घेऊन बसले. तुमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे लग्नाच्या वेळीच सांगायला हवं होतं. सहा खाल्ल्या.

माझी शाल ठेवायला दीपालीने तुमचं कपाट उघडून दिलं. आत तीन स्वेटर, दोन कानटोप्या आणि एक मफलर. पुण्यात नुसती हवा असते ना?

काल संध्याकाळी पहिल्यांदा खाली उतरले. तुमच्या रंगनाथांनी खुर्ची आणून ठेवली होती. बसल्यावर कसला तरी वास आला. मी इकडे तिकडे बघितलं, तर फाटकापाशी बुचाचं झाड, उंचच्या उंच, आणि खाली पांढऱ्या लांब देठाच्या फुलांचा सडा. बूच यंदा फुललंय हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पाठ असलेल्यातलंही नव्हतं. मी स्वतः पाहिलं. दोन मुली फुलांच्या देठांत देठ गुंफून वेणी करत होत्या. त्यांची चुकत होती. मी काठी बाजूला ठेवली, खाली वाकले आणि फुलं उचलली. वाकले, भीमराव! दीपालीने वरून बघितलं, धावत खाली आली. मी म्हटलं, ओरडू नकोस, आधी वेणी पुरी होऊ दे.

तुम्ही परत या. खोली तुमची तुम्हाला देते. आता जिने चढायची परवानगी मिळाली आहे, दिवाळी घरी करीन.

वेणू


शनिवार पेठ
१५ डिसेंबर

भीमराव,

परवा तुम्ही सगळे जेवायला आलात, तेव्हा सगळ्यांसमोर बोलले नाही. लिहून सांगते, म्हणजे तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही.

मी सिंगापूरला जाते आहे. जानेवारीत निघणार, मार्चअखेर परत. कोणी नेत नाहीये, मीच निघाले आहे. इतके दिवस भीती होती की गेले तर परत येणं माझ्या हातात नसेल. आता पाय माझे आहेत, परतीचं तिकीट माझ्या पर्समध्ये आहे. पूर्वाला तिच्या वर्गात सहा ऋतू शिकवायचं मी कबूल केलंय. एकच हवा असलेल्या गावात सहा ऋतू कसे शिकवतात ते बघू.

घराची किल्ली चंपाकडे ठेवते. आठवड्यातून एकदा येऊन कुंड्यांना पाणी घालावं. कढीलिंबाला कमी, मोगऱ्याला मुळीच नाही, तो झोपला आहे. जिना जपून उतरा, दुसऱ्या मजल्यावरची पायरी गुळगुळीत आहे.

वेणू


शनिवार पेठ, तुमची गॅलरी
१९ जानेवारी २०२५

वेणूताईंना सिंगापूर मुक्कामी जय भीम.

तुमच्या घरून तुम्हाला पत्र लिहायचा हा पहिलाच प्रसंग. आज रविवार. सकाळी आठला आलो. कढीलिंबाला कमी घातलं, मोगऱ्याला उठवलं नाही.

थंडी कडाक्याची आहे. स्वेटर घालून, मफलर गुंडाळून बसलो आहे, कानटोपीही आहे. जे पाहिलंत ते पाहिलंत, आता लपवून काय उपयोग? समोरच्या पत्र्यावर दव पडलं होतं, उन्हात त्याची वाफ निघत होती. खाली गल्लीत एक जण पेरूची टोपली घेऊन ओरडत गेला. चंपाबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, 'काका, पाणी घालून झालं असेल तर निघा ना, मला कुलूप लावायचंय.' मी म्हटलं, थोडं थांबा. त्या म्हणाल्या, 'कशासाठी?' मी चहा फुंकत बसलो.

अभयचा दोनदा फोन येऊन गेला. तिसऱ्यांदा विचारलं, 'बाबा, कुंड्यांना पाणी घालायला तीन तास?' मी म्हटलं, मोठ्या कुंड्या आहेत.

आता अकरा वाजलेत. ऊन सरकत सरकत तुमच्या खुर्चीपर्यंत आलंय आणि गुडघ्यांना छान शेक बसतोय. खुर्ची तुमची आहे हे मान्य. ऊन मात्र कुणाच्या नावावर नाही. तेव्हा ते पुढे सरकेपर्यंत मी उठणार नाही, चंपाबाईंनी काही म्हटलं तरी.

भीमराव